इंजिन रुळेपर्यंत

अकोल्याच्या ताजनापेठेच्या कोपऱ्यावर लॉरी वळली, तेव्हा जानरावनं डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि तोंड रस्त्याकडून आत फिरवलं. सत्यभामेला आधी वाटलं, पटका ढिला झाला असेल, पुन्हा बांधायचा असेल. मग तिच्या ध्यानात आलं. कडेला सरकी-ढेपेची दुकानं होती, बाजाराच्या दिवशी जानरावची तिथं ऊठबस असायची, आणि विधवा भावजय गाडी हाकते आहे नि आपण तिच्या शेजारी बसलो आहोत हे तिथल्या कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून तिचा दीर बोडका होऊन बसला होता. परवावर पोराचं लग्न आलेला माणूस, आणि डोकं उघडं. तिला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. गेल्या चार वर्षांत लोकांनी तिला काय काय ऐकवलं होतं ते तिनं पाठीवरून पाणी सोडावं तसं सोडलं होतं. पण हा मांडीवरचा पटका, त्याच्या सैल पडलेल्या घड्या, त्यावर झाकण ठेवल्यासारखा जानरावचा पंजा, हे तिच्या आत कुसळासारखं रुतलं. दुकानं मागं पडली. रेल्वेचं फाटक ओलांडलं. मोकळा रस्ता लागला तसा जानरावनं पटका पुन्हा बांधला, घसा खाकरला, आणि काही झालंच नाही अशा आवाजात विचारलं, गाडी इतकी हळू काहून चालून राहिली.

तिचं लक्ष तळपायांत होतं. चपला काढून तिनं पाय तसेच ब्रेक-पेट्रोलच्या पट्ट्यांवर ठेवले होते, आणि लाकडी तळातून इंजिनाचा थरथराट पोटऱ्यांपर्यंत चढत होता. जुन्या इंजिनाचा थरथराट तिला पाठ होता; तो सैल होता, खोकल्या म्हाताऱ्याच्या छातीसारखा, प्रत्येक गोष्ट दुसरीपासून जरा सुटलेली. हा तसा नव्हता. हा आवळलेला होता. पिस्टन नवे, रिंगा नव्या, बेअरिंगं नवी, सिलिंडर आतून घासून मोठे केलेले. जुन्या लोखंडाच्या अंगात नवे अवयव बसवले होते आणि त्यांची अजून एकमेकांशी ओळख व्हायची होती. कादरभाई मिस्त्रीनं सकाळी चाक तिच्या हाती देताना बजावलं होतं, "बाई, पहिले पाचशे मैल काटा वीसच्या वर नाई गेला पाहिजे. मालाची भरती नाई, चढावर जोर नाई. एकाच चालीनं बी नाई चालवायचं, जरा वाढवा, जरा सोडा. हे आपल्या आपण घासून घासून रुळते. रुळायच्या आधी ताणलं तं गरम होऊन फुगते, अन् धरून बसते. मंग माह्या हाती काई नाई." पाचशे मैल झाले की आतलं तेल सगळं काढून टाकायचं, त्यात लोखंडाचा बारीक चुरा चमकताना दिसेल, त्याला भ्यायचं नाही, असंही तो म्हणाला होता.

हे सगळं तिनं जानरावला सांगितलं. त्यानं हूं हूं केलं, पण तो ऐकत नव्हता. तो सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याहून अकोल्याला आला होता तो लॉरी न्यायला, असं त्यानं मिस्त्रीच्या आवारात पाय ठेवताच सांगितलं होतं. परवा गुणवंताची वरात कुरूमला जायची होती. लॉरीच्या हौद्यात सगळं गोत बसेल, पुढं वाजंत्री, टपावर रंगीत कागदाच्या पताका. कुरूमवाल्यांना त्यानं तसा शब्दच देऊन टाकला होता. तिला विचारायचं राहिलं हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. लॉरी तिच्या नवऱ्याची, नत्थुजींची; नत्थुजी त्याचा थोरला भाऊ, म्हणजे घरची गाडी. आणि घरची गाडी घरच्या लग्नाला नाही यायची तर कुठं जायची.

बोरगाव जवळ आलं. मागून एक सायकलवाला आला, घंटी वाजवत पुढं गेला, आणि पुढं जाऊन वळून बघत हसला. कापसाच्या गाड्या जिनिंगकडं चालल्या होत्या, बैलांच्या शिंगांना धूळ नि कापसाचे धागे चिकटलेले. एका गाडीवानानं बैलांना उगीच डिवचून काही अंतर लॉरीच्या बरोबरीनं गाडी पळवली. मग अमरावतीची मोटार आली, हॉर्न वाजवत, आणि शेजारून जाताना खिडकीतून दोन-तीन जणांनी हात काढून लॉरीच्या पत्र्यावर थापा मारल्या, दमलेल्या म्हशीला मारतात तशा. जानराव खिडकीपासून दूर सरकला. सत्यभामेच्या पायाखाली पट्टी होती. थोडी दाबली असती तर त्या मोटारीला पुढच्या पुलापाशी गाठता आलं असतं, हे तिला ठाऊक होतं. पायाला तशी इच्छाही झाली. पायाच्या इच्छा वेगळ्या असतात. तिनं काटा अठरावर आणला, मग सोळावर, मग पुन्हा हळूच वर नेला.

हा पाय नत्थुजींनी शिकवला होता. म्हणजे त्यांनी मुद्दाम काही शिकवलं नव्हतं. पहाटेच्या थंडीत लॉरी चालू होत नसे. ते पुढं उभे राहून हॅन्डल मारत आणि आत बसून कोणीतरी पट्टी दाबायला लागे. ते कोणी म्हणजे ती. मग संत्र्यांच्या करंड्या भरताना लॉरी झाडांच्या ओळींतून हातभर हातभर पुढं घ्यायला लागे, तीही तीच घेई. हसतखेळत एका हंगामात ती गाडी वळवायला शिकली. तिच्या हातचं वळण बघून ते कौतुकानं मान हलवत, आणि ती गोष्ट चार माणसांत कधी बोलत नसत. मळ्याच्या फाटकापाशी आले की तिला उतरवून ते स्वतः चाकामागं बसत. तिला त्याचं तेव्हा वाईट वाटलं नव्हतं. वाटायला हवं होतं, हे आता, या बोरगावच्या रस्त्यावर, शेजारी हा माणूस बसलेला असताना तिला कळत होतं.

चांगला माणूस होता. सगळे म्हणायचे, नत्थुजीसारखा माणूस नाही. त्यांना नाही म्हणता येत नसे. कोणाची खताची खेप, कोणाचं दवाखान्याचं माणूस, कोणाच्या पोराचं जावळ, लॉरी निघालीच. लढाईच्या दिवसांत चांगलं तेल मिळेनासं झालं, पेट्रोलला चिठ्ठ्या लागू लागल्या, मिळेल त्यात रॉकेल मिसळून लोक गाड्या ढकलत होते, तेव्हाही निघाली. आणि मग वैशाखात चुलतभावाच्या पोराची वरात तेल्हाऱ्याला न्यायची होती. सत्यभामा तेव्हा सवाशीण होती, तिला पुढं मानाची जागा होती, मांडीवर करंज्यांची टोपली. अकोट मागं पडल्यावर आवाज बदलला. तिला तो आधी ऐकू आला. टोपलीतल्या करंज्यांच्या कुरकुरीखाली एक कोरडं, खरवडल्यासारखं काही. तिनं सांगितलं, थांबवा. ते हसले आणि म्हणाले, मागं साठ माणसं बसली आहेत, लोक काय म्हणतील. रेडिएटरच्या झाकणातून वाफ निघत होती आणि मागं बाया गाणी म्हणत होत्या. मग एकदम लॉरीनं आपल्या आपणच ब्रेक लावल्यासारखं केलं, टोपली समोरच्या काचेवर आदळली, आणि सगळं थांबलं. मागची गाणी मात्र आणखी थोडी चालू राहिली. शेवटी गावातून बैल आणून लॉरी ओढत मांडवाच्या दारी नेली. सगळे पोट धरून हसले. सगळ्यांत जास्त नत्थुजी हसले. ते हसताना तिनं त्यांच्याकडं बघितलं होतं, आणि तिला त्या हसण्याचा इतका राग आला होता की तो राग तिनं त्यांच्या मरणानंतरही संपू दिला नव्हता. पुढच्याच पावसाळ्यात ते हिवतापानं गेले. लॉरी निंबाखाली उभी राहिली. कोंबड्या बैठकीवर अंडी घालू लागल्या. भंगारवाले येत, जानराव त्यांच्याशी बोलत उभा राही, आणि ती घरातून बाहेर येऊन नुसती लॉरीला टेकून उभी राही, ते जाईपर्यंत.

काटेपूर्णेच्या पुलाअलीकडे तिनं गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं, आतला ऊबदार तेलकट वास तोंडावर घेतला, चिंधीत झाकण धरून पाणी बघितलं. जानराव खाली उतरला, लांब जाऊन उभा राहिला, परत आला. बोलायचं ते त्यानं इथं बोलायचं ठरवलं होतं असं दिसलं. आधी तो कुरूमच्या पाहुण्यांबद्दल बोलला, शब्द दिल्याबद्दल बोलला. मग छकड्यांनी गेलो तर चार गावं काय म्हणतील ते बोलला. ती पाणी ओतत राहिली.

"दादा असता तं नाई म्हणला नसता," जानराव म्हणाला.

"म्हणून तं चार साल गाडी निंबाखाली पडली होती."

नत्थुजींबद्दल असं कोणी बोलल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं. तिनंही ऐकलं नव्हतं. वाक्य तोंडातून गेलं आणि पुलाखालच्या दगडांवरून वाहणाऱ्या पाण्यासारखं आपलं आपण पुढं निघून गेलं. तिला वाटलं होतं तसं काही कोसळलं नाही. नदीत एक बाई धुणं आपटत होती, ती आपटत राहिली.

मग जानराव जवळ आला, आणि त्याचा आवाज बदलला, मऊ झाला. "वयनी, मी गुणवंताच्या मायशी बोललो. तुमी पुढं बसा. गाडी तुमीच चालवा. वरातीत सगळ्यांच्या म्होरं. कोणी काई बोलनार नाई, मी पाहतो ना. पोट्ट्याच्या हळदीले बी या."

तिच्या हातातली चिंधी तशीच राहिली. याची तिनं तयारी केलेली नव्हती. शिव्या दिल्या असत्या, घरावरून हक्क सांगितला असता, तर तिच्याकडं शब्द होते. चार वर्षं शेजारच्या, जानरावच्या घरातलं प्रत्येक हळदीकुंकू तिनं विहिरीच्या या बाजूनं ऐकलं होतं. गुणवंताला तिनं कडेवर वाढवला होता, आईपेक्षा जास्त तो तिच्याकडं निजला होता, आणि त्याच्या हळदीच्या दिवशी आपण मळ्याच्या दुसऱ्या टोकाला काही काम काढून जायचं हे तिनं केव्हाच मनाशी ठरवून ठेवलं होतं. आता तिला दिसलं: पताका लावलेली लॉरी, ती चाकामागं, कपाळ कोरं पण मान वर, शेजारी मुंडावळ्या बांधलेला पोरगा, आणि बाजूनं चार गावांची माणसं बघताहेत. तिला ते इतकं हवंसं वाटलं की तोंडाला पाणी सुटावं तसं डोळ्यांना सुटलं. हळू चालवू, तिच्या मनानं लगेच वकिली सुरू केली, वीसच्या आतच ठेवू, माणसं थोडी कमी घेऊ. आणि त्याच मनाला ठाऊक होतं की माणसं कमी होणार नाहीत, की मागून कोणीतरी म्हणेल जरा पळव, की लोणीच्या चढावर साठ माणसांचं ओझं तिच्या तळपायात उतरेल आणि ती त्या वेळी हसेल. नत्थुजी हसले तशी.

आणि तिला पटका आठवला. मांडीवर ठेवलेला.

"भाऊजी," ती म्हणाली, "मले बोलवायचं असन तं घरी येऊन बोलवा. गाडीच्या भाड्यात मले नोका बोलवू."

"असं कोन म्हणलं?"

"तुमीच म्हणलं. आत्ताच." तिनं झाकण घट्ट केलं. "बिनागाडीचं बोलावनं आलं तं मी पायी येईन. गाडी येनार नाई. ते अजून रुळली नाई."

मूर्तिजापूरपर्यंत दोघं शेजारी शेजारी, अनोळखी उतारूंसारखी बसली. स्टेशनाच्या वळणावर त्यानं हात केला, तिनं थांबवलं, तो उतरला, आणि उतरल्यावर मागं न बघता म्हणाला की आजपासून विहिरीवर तिचं पाणी वेगळ्या पाळीनं. तो रेल्वेनं जाणार होता. ती एकटी पुढं निघाली. संध्याकाळची उन्हं तुरीच्या शेतांवरून आडवी येत होती, आणि एकटी झाल्यावर तिला भीती वाटली, खरीखुरी. एकाच विहिरीवर दोन घरं. जन्म काढायचा होता तिथं. तिनं भीतीला येऊ दिलं. पाय मात्र जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी ती परतवाड्याच्या रस्त्यानं जाऊन आली. दुपारी परतली तेव्हा विहिरीपलीकडं हळद सुरू होती. सनई, बायांचे आवाज, मधूनच हसण्याचा लोट. बोलावणं आलं नव्हतं. ते येणार नाही हे ठाऊक असूनही तिनं लुगडं बदललं होतं, आणि आपण बदललं हे ध्यानात आल्यावर ती ओट्यावर बसून राहिली. गुणवंत तरी येईल, निदान कुंपणापाशी. पोरगा काही बापासारखा नाही. गुणवंतही आला नाही. हे तिला जानरावच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जड गेलं. संत्र्यांच्या झाडांखाली जाऊन तिनं पडकी फळं वेचली, दोन पाट्या भरेपर्यंत. झाडांवरचा माल पिकून लोंबत होता. इंजिन धड रुळलं तर महिन्याभरात हा माल तिच्या लॉरीतून, तिच्या हातानं अमरावतीच्या बाजारात उतरणार होता, आणि नाही रुळलं तर जानरावच्या ओळखीचा दलाल सांगेल त्या भावानं मळ्यातूनच जाणार होता. ती हे स्वतःला सांगत राहिली, आणि ते खरंही होतं. पण एवढंच खरं नव्हतं.

वरातीच्या दिवशी सकाळी ती अकोल्याच्या, म्हणजे कुरूमच्याच, रस्त्याला लागली. परतवाड्याचा रस्ता होता, चांदूरचा होता. मन म्हणालं, हा रस्ता डांबरी आहे, लोणीचा चढ सोडला तर सपाट आहे, इंजिनाला बरा. तिनं मनाचं ऐकून घेतलं. मूर्तिजापूरला जाऊन तिनं लॉरी वळवली, आणि परत येताना, लोणीच्या अलीकडे, वाजंत्री ऐकू आली. मग दिसली: छकडी, एकामागं एक, झुली घातलेले बैल, पुढच्या छकड्यावर छत्रीखाली नवरदेव. रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंनी निंबाची झाडं. वरात समोरून, आणि विधवा बाई सामोरी.

रीत तिला माहीत होती. बाजूला घ्यायचं, तोंड फिरवायचं, वरात जाईपर्यंत नसल्यासारखं राहायचं. एका आडरस्त्याचं तोंडही डाव्या हाताला होतं. तिनं ते पाहिलं, आणि मागं टाकलं.

पुढच्या छकड्यावरून जानराव उडी मारून उतरला. तो रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला, हात जोडून. वाजंत्री थांबली. तिनं लॉरी त्याच्यापासून दोन हातांवर उभी केली. जानरावचे डोळे लाल होते, रात्रभर निजला नसावा. तो रागावला नव्हता, घाबरला होता. शकुनाला, चार गावांना, तिला, कशाला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"वयनी," तो म्हणाला, "पोट्ट्याचं लगन हाये. मांगं फिरा. पाया पडतो."

मागं टाकलेल्या आडरस्त्यापाशी फिरायला तशी जागा होती. क्षणभर तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून ती जवळजवळ फिरलीच असती. पण जोडलेल्या हातांमागं, छत्रीखाली, गुणवंत तिच्याकडं बघत होता. मुंडावळ्यांतून त्याचे डोळे धड दिसत नव्हते. काल तो का आला नाही, त्याला येऊ दिलं नाही की त्यालाच यायचं नव्हतं, हे इथून कळत नव्हतं, आणि बसल्या जागेवरून ते कधीच कळणार नव्हतं.

तिनं इंजिन चालू ठेवलं, ब्रेक ओढला, आणि खाली उतरली. अनवाणीच. डांबर सकाळच्या थंडीनं गार होतं. ती जानरावच्या बाजूनं चालत गेली. त्याचे हात तसेच जोडलेले राहिले. छकड्यांतल्या बायांचे पदर तोंडावर गेले. गुणवंताची आई रुख्मिणी काहीतरी म्हणाली, मोठ्यानं नाही. बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली. ती नवरदेवाच्या छकड्यापाशी जाऊन उभी राहिली. तिचा हात वर पोचत नव्हता.

तो पोचत नाही हे तिला तिथं गेल्यावर दिसलं. ती तशीच, हात अर्धवट उचललेला, सगळ्यांच्या देखत उभी राहिली, आणि हात खाली घ्यायचा नाही एवढंच तिच्या डोक्यात होतं. कितीही वेळ लागो. मागं लॉरी धुगधुगत होती, एकसारखी.

गुणवंत खाली वाकला. आधी थोडा, मग छकड्याची कड धरून पुरता, इतका की बाशिंग पुढं घसरलं आणि छत्री धरणारा गडबडला. तिनं दोन्ही हात त्याच्या हळदीनं पिवळ्या गालांवरून फिरवले, आपल्या कानशिलांशी नेले, आणि कडाकडा बोटं मोडली.

"मोठाई," तो हळूच म्हणाला, "माय रडते म्हणून नाई आलो काल."

"बरं," ती म्हणाली. "नीट बस. बाशिंग सरळ कर."

ती परत आली. जानराव रस्त्याच्या कडेला गेला होता, निंबाच्या बुंध्याशी, रस्त्याकडं पाठ करून. तिनं चाकामागं बसून हॉर्न वाजवला, एकदाच. पहिलं छकडं बाजूच्या मातीत उतरलं, मग दुसरं, मग सगळी ओळ एका कुशीवर कलत खाली उतरली, आणि ती त्यांच्या शेजारून हळू हळू जात राहिली, शेवटच्या छकड्यापर्यंत, प्रत्येकाच्या तोंडाकडं नीट बघत. तिच्या बोटांना हळद लागली होती, चाकालाही लागली. मागं वाजंत्री पुन्हा सुरू झाली, आधी एकटी सनई, बिचकत, आणि मग ताशा.